क्रूझवर जाताय? जहाज धक्का सोडण्याआधी मोबाईलचं हे बघून घ्या

शिनोळी, कोगनोळी किंवा चोर्ला घाटाच्या बाजूला राहणाऱ्यांना मोबाईलचा एक स्वभाव वेगळा सांगायला नको. आपण घरातच असतो, पण फोन पलीकडच्या राज्याचा टॉवर पकडतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत याचे पैसे पडायचे. कर्नाटकचं सिम महाराष्ट्राच्या टॉवरवर गेलं की स्क्रीनवर रोमिंगची खूण यायची आणि आलेल्या फोनचेही पैसे कापले जायचे. गोव्याहून येणारा पाहुणा बेळगावात उतरला की आधी बॅलन्स तपासायचा. कारण गोवा टेलिकॉमच्या हिशेबात महाराष्ट्र सर्कलमध्ये आणि बेळगाव कर्नाटकात. आता देशातल्या देशात हा त्रास उरलेला नाही, त्यामुळे ती सवयही गेली. समुद्रात मात्र तोच प्रकार शिल्लक आहे, आणि तिथला दर आपल्या जुन्या रोमिंगच्या कितीतरी पट असतो.

क्रूझ हा आता फक्त श्रीमंतांचा विषय राहिलेला नाही. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' सुरू झाली होती, ती पुढे थांबली. २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचं 'एम्प्रेस' जहाज मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीप अशा सफरी करू लागलं. सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ तर बेळगाव, कोल्हापूर, वडोदरा, इंदूर, हैदराबाद सगळीकडच्या टूरवाल्यांच्या पत्रकात असतात. मुलगा-सून अमेरिकेत असतील तर आई-वडिलांना अलास्काच्या क्रूझवर नेणं हेही आता नवलाचं नाही. 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती'मधून पणजी ते भाऊचा धक्का असा प्रवास केलेल्या पिढीतले बरेच जण आज अशा जहाजावर चढतात. त्या काळी बोटीवर उलटी लागेल एवढीच भीती होती. आता खिशातला फोन सांभाळावा लागतो.

जहाजावर टॉवर कुठून आला?

जहाज किनाऱ्यापासून दूर गेलं की जमिनीवरच्या टॉवरची रेंज संपते. जुन्या टू-जी तंत्रात टॉवरची कमाल मर्यादाच ३५ किलोमीटर होती, आणि प्रत्यक्षात रेंज बहुतेक वेळा त्याआधीच जाते. मोठ्या क्रूझ जहाजांवर म्हणून जहाजाचे स्वतःचे छोटे मोबाईल टॉवर बसवलेले असतात. केबिनच्या मजल्यांवर, जेवणाच्या हॉलमध्ये त्यांचे अँटेना असतात. आपला फोन त्यांना जोडला जातो, तिथून संभाषण उपग्रहाला जातं आणि उपग्रहावरून जमिनीवर उतरतं. पारंपरिक दळणवळण उपग्रह जवळपास ३६ हजार किलोमीटर उंचीवर असतात. तिथली जागा महाग, वाटेकरी अनेक. जहाजाची कंपनी, उपग्रहाची कंपनी, मधली रोमिंग कंपनी आणि आपली सिम कंपनी, प्रत्येकाचा हिस्सा त्या एका मिनिटातून जातो.

याला मेरिटाइम रोमिंग म्हणतात. ते कुठल्याच देशाचं नेटवर्क नसतं. भारतातल्या नेटवर्कचे ओळख क्रमांक ४०४ किंवा ४०५ ने सुरू होतात, तर जहाज आणि विमानांतली नेटवर्कं ९०१ ने. त्यामुळे फोनवर कंपनीच्या नावाच्या जागी 'सेल्युलर ॲट सी' किंवा नुसतं ९०१-१८, ९०१-१२ असं काही दिसलं तर आपण जहाजाच्या टॉवरवर आहोत असं समजायचं. ९०१-१८ हे 'सेल्युलर ॲट सी'चं आणि ९०१-१२ हे नॉर्वेच्या टेलिनॉर मेरिटाइमचं.

फोन हे नेटवर्क पकडताना आपल्याला विचारत नाही. आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू असेल आणि फोन चालू असेल तर तो जो टॉवर मिळेल तो घेतो. शिनोळीला घेतो तसाच.

इथे एक गैरसमज काढायला हवा. मुंबईहून निघून गोव्यालाच जायचं, म्हणजे परदेश कुठे आला, असं अनेकांना वाटतं. पण रोमिंगचा दर आपण कुठे चाललोय यावर ठरत नाही, फोन कुठल्या टॉवरवर आहे यावर ठरतो. देशाची सागरी हद्द किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर. केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये विमान आणि जहाजांतल्या दूरसंचार सेवेचे नियम काढले, त्यानंतर भारतीय हद्दीतही अशी उपग्रहावरची सेवा देता येते. तुमच्या जहाजावर ती आहे का आणि तुमची सिम कंपनी तिला कुठल्या दरात मोजते, हे दोन प्रश्न बुकिंग करतानाच विचारा. एजंटला माहीत नसेल तर सिम कंपनीच्या ॲपमध्ये रोमिंगच्या देशांची यादी असते. त्यात 'मेरिटाइम', 'क्रूझ' किंवा 'इन-फ्लाइट' असा वेगळा भाग शोधायचा. बहुतेक परदेशी पॅक हे देशांच्या नावावर असतात आणि जहाजाचं नेटवर्क त्यात मोडत नाही. 'सिंगापूर-मलेशिया पॅक घेतलाय' एवढ्याने समुद्रातला प्रश्न सुटत नाही.

बिल एवढं कसं होतं?

हिशेब करून बघू. दर कंपनीप्रमाणे आणि जहाजाप्रमाणे बदलतो, म्हणून हे आकडे नुसते उदाहरणापुरते. समजा पॅकबाहेरचा डेटा एका एमबीला ५०० रुपये आहे. हल्लीच्या फोनचा एक फोटो सहज ४ एमबीचा असतो. सूर्यास्ताचे, डेकवरचे, नातवाचे मिळून ३० फोटो काढले आणि फोन केबिनमध्ये चार्जिंगला लावून तुम्ही जेवायला गेलात. फोनने ते फोटो आपसूक क्लाउडवर चढवले. १२० एमबी झाले, म्हणजे ६० हजार रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, १० हजार ८००. एकूण ७० हजार ८०० रुपये. तुम्ही एकही फोन केलेला नाही, व्हॉट्सॲप उघडलेलं नाही. दोघांच्या सिंगापूर सहलीचा मोठा भाग एवढ्यात निघून जातो.

बोलण्याचंही तसंच. समजा मिनिटाला २०० रुपये धरले तर शेजाऱ्याने 'टाकीत पाणी आलं नाही, मोटर लावू का' म्हणून केलेला सात मिनिटांचा फोन १,४०० रुपयांना पडतो, वर कर. आंतरराष्ट्रीय रोमिंगमध्ये आलेला फोन उचलला तरी पैसे आपल्यालाच पडतात. करणाऱ्याला नेहमीचाच दर लागतो, त्यामुळे त्याला याची कल्पनाही नसते आणि तो निवांत बोलत बसतो.

प्रीपेड सिमवाले इथे थोडे सुरक्षित. बॅलन्स संपला की सेवा थांबते, नुकसान तेवढ्यापुरतं राहतं. धोका पोस्टपेडला जास्त. परदेशी नेटवर्ककडून वापराचा हिशेब आपल्या कंपनीकडे उशिरा पोचू शकतो. म्हणून ॲपमध्ये संध्याकाळी 'वापर शून्य' दिसला म्हणजे खरंच शून्य, असं नव्हे.

युरोपात यावर काही नियम आहेत. २०१७ पासून तिथे सदस्य देशांत घरच्याच दराने रोमिंग मिळतं, पण जहाजावरचं उपग्रह नेटवर्क त्यातून वगळलेलं आहे. मुद्दाम सांगायचं कारण, 'युरोपात रोमिंग फुकट असतं' हे वाक्य सहलीच्या ग्रुपवर कोणीतरी टाकतंच. ती सवलत युरोपातल्या सिमला आहे, तीही जमिनीवर. आपलं बेळगावचं किंवा फोंड्याचं सिम त्यात कुठेच बसत नाही.

एअरप्लेन मोड, आणि तो कधी लावायचा

उपाय एका बटणाचा आहे. जहाज धक्का सोडण्याआधी फोनमधलं विमानाचं चिन्ह दाबायचं. एअरप्लेन मोडमध्ये फोन कुठलाच मोबाईल टॉवर पकडत नाही, त्यामुळे मेरिटाइम रोमिंगचा प्रश्नच येत नाही. मग वरून फक्त वाय-फाय सुरू करायचं. कॅमेरा, घड्याळ, अलार्म, आधीच उतरवून घेतलेली गाणी-सिनेमे सगळं चालतं.

वेळेचं महत्त्व आहे. जहाजाचं नेटवर्क बंदरात बहुधा बंद ठेवलेलं असतं आणि किनारा सुटल्यावर सुरू होतं. लोक डेकवर टाटा करत, व्हिडिओ काढत उभे असतात, मुंबईची रेंज आहेच म्हणून निर्धास्त असतात. रेंज कधी गेली आणि जहाजाची कधी आली ते कळत नाही. चेक-इन झालं, केबिनची चावी हातात आली की तिथेच बटण दाबावं, 'नंतर करू' म्हणू नये.

नुसतं डेटा रोमिंग बंद करून चालेल का? डेटाचं बिल त्याने थांबतं, ते मोठं असतं म्हणून तेवढ्यानेही बरंच वाचतं. पण फोन टॉवरवर राहतोच, मग उचललेला कॉल, पाठवलेला एसएमएस याचे पैसे लागतात. आयफोनवाल्यांसाठी आणखी एक बारीक गोष्ट. आयमेसेज आणि फेसटाइम सुरू करताना फोन स्वतःहून एक एसएमएस पाठवतो. परदेशी नेटवर्कवर असताना त्याचे पैसे लागू शकतात आणि बिलात असा न पाठवलेला मेसेज दिसला की माणूस चक्रावतो.

दोन सिमचा फोन असेल तर डेटा रोमिंग दोन्ही सिमचं वेगवेगळं बंद करावं लागतं. प्रवासासाठी घेतलेलं ई-सिम एका बाजूला आणि घरचं सिम दुसऱ्या बाजूला असेल तर आणखी लक्ष द्यायचं. काही फोनमध्ये एका सिमचा डेटा मिळेना की दुसऱ्यावर आपोआप जाण्याची सोय असते. जमिनीवरचं ई-सिम समुद्रात मुकं होतं आणि फोन इमानदारीने घरच्या सिमवर उडी मारतो. ती अदलाबदल सेटिंगमध्ये जाऊन बंद ठेवा. सिम असलेलं मुलांचं टॅबलेट आणि स्वतःचं ई-सिम असलेलं मनगटी घड्याळ यांनाही हेच लागू. फोन एअरप्लेन मोडवर आहे म्हणून घड्याळ आपोआप गप्प बसेल असं गृहीत धरू नका.

कॉल फॉरवर्डिंगचा सापळा तर फार थोड्यांना माहीत असतो. 'फोन लागला नाही किंवा उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर वळवा' अशी सोय दुकानदार, डॉक्टर, वकील मंडळींच्या फोनवर सर्रास असते. रोमिंगमध्ये असताना तुम्ही कॉल उचलला नाही, तर तो आधी जहाजापर्यंत येतो आणि तिथून परत भारतातल्या नंबरवर जातो. न बोलता दोन्ही दिशांचे पैसे लागू शकतात. फॉरवर्डिंग नसेल तर न उचललेल्या कॉलचे पैसे लागत नाहीत, म्हणून हे निघण्याआधी घरीच काढून टाकायचं. फोनच्या कॉल सेटिंगमध्ये हा पर्याय असतो. सगळं फॉरवर्डिंग एकदम काढायला ##००२# डायल करतात. परत आल्यावर पुन्हा लावा.

बटण पुन्हा का दाबलं जातं?

एवढं सोपं असेल तर लोक फसतात कसे? कारण एअरप्लेन मोड माहीत असतो, पण दुसऱ्या दिवशी तो काढावा लागतो. प्रत्येकाकडे काही ना काही अडचण असते आणि ती खरी असते. बिलं तिथेच होतात. म्हणून या अडचणींची सोय आधी केली तरच बटण बंद राहील.

पहिली अडचण ओटीपी. एफडी मोडायची आहे, विम्याचा हप्ता आहे, कार्डवर पैसे भरायचे आहेत, आणि ओटीपी मोबाईलवरच येतो. मुलांकडे परदेशी गेलेले आई-वडील खास ओटीपीसाठीच भारतीय सिमवर रोमिंग सुरू ठेवतात. आपल्याकडच्या बहुतेक कंपन्यांत रोमिंगमध्ये आलेला एसएमएस फुकट असतो, म्हणून जमिनीवर हे चालून जातं. तेच सिम घेऊन क्रूझवर चढलं की गडबड होते. ज्यांच्या बँकेत ईमेलवरही ओटीपी येण्याची सोय आहे त्यांनी ती निघण्याआधी सुरू करून घ्यावी, मग जहाजाच्या वाय-फायवर काम भागतं. त्या आठवड्यात येणारे हप्ते, बिलं आधी भरून टाकावीत किंवा ऑटो-डेबिट लावावं. तरीही अगदीच गरज पडली तर जहाज बंदराला लागेपर्यंत थांबा, जमिनीवरचं नेटवर्क आल्याची खात्री करा, डेटा रोमिंग बंद ठेवून मगच एअरप्लेन मोड काढा. काम झालं की परत लावा.

दुसरी अडचण घरची, आणि तिला ॲपमध्ये उत्तर नाही. घरी ऐंशी वर्षांची आई आहे, वडिलांचं नुकतंच ऑपरेशन झालंय, मुलीचा निकाल लागणार आहे. अशा वेळी फोन बंद ठेवा असं सांगणं सोपं, पण रात्री झोप लागत नाही हेही खरं. मग माणूस म्हणतो, फोन चालू ठेवतो, कोणाचा आला तरच उचलेन. यावर माझं मत असं की चार दिवसांचं जहाजाचं वाय-फाय विकत घ्यावं आणि ते खर्चात धरूनच सहल ठरवावी. त्याची रक्कम आधी माहीत असते. बिलाची नसते. घरच्यांना बजावून जायचं की साधा कॉल करू नका, व्हॉट्सॲपवरच करा. आणि अगदी आणीबाणीसाठी क्रूझ कंपनीचा संपर्क क्रमांक, जहाजाचं नाव, केबिन नंबर आणि बुकिंग नंबर कागदावर लिहून घरात फ्रिजवर चिकटवून जा. कंपनीच्या कार्यालयातून जहाजावर निरोप पोचवता येतो. कॉल लागत नाही म्हणून घरचे घाबरणार नाहीत, एवढं आधी बोलून ठेवलं म्हणजे झालं.

तिसरी अडचण फोटोंची. ती सोसता येते. घरी आल्यावर टाका.

वाय-फाय म्हणजे मोबाईल नेटवर्क नव्हे

जहाजाचं वाय-फाय आणि जहाजाचं मोबाईल नेटवर्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत, पण लोकांच्या डोक्यात त्या एक होतात. वाय-फायचं पॅकेज क्रूझ कंपनी विकते, पैसे जहाजाच्या खात्यावर लागतात. मोबाईल नेटवर्कचे पैसे तुमच्या सिमच्या बिलात येतात. 'आम्ही इंटरनेट पॅकेज घेतलं होतं तरी बिल कसं आलं' या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा इथेच असतं. वाय-फाय घेतलं होतं, पण एअरप्लेन मोड लावला नव्हता. वाय-फायची जोडणी मध्येच तुटली की फोन मोबाईल डेटाकडे वळला.

रॉयल कॅरिबियनसारख्या कंपन्यांनी २०२२ पासून स्टारलिंकचे खालच्या कक्षेतले उपग्रह वापरायला सुरुवात केली. साधारण ५५० किलोमीटर उंचीवरचे हे उपग्रह जवळ असल्यामुळे व्हिडिओ कॉलही बरा चालतो. त्याने वाय-फाय सुधारलं, म्हणून मेरिटाइम रोमिंगचा दर उतरला असं समजू नका. पॅकेज घेताना ते किती उपकरणांसाठी आहे ते बघा. एका उपकरणाचं घेऊन नवरा-बायको आलटून-पालटून वापरत असतील तर एकाने आधी लॉग-आउट करावं लागतं. पॅकेज जहाजावर चढण्याआधी घेतलं तर बऱ्याच कंपन्यांकडे स्वस्त पडतं.

फोनमध्ये 'वाय-फाय कॉलिंग' नावाचीही एक सोय असते. तिच्यावरून केलेला कॉल व्हॉट्सॲपचा नसतो, तो तुमच्या सिमच्या कंपनीचाच असतो. भारताबाहेर असताना त्याला काय दर लागतो हे कंपनीला विचारल्याशिवाय ती सोय चालू ठेवू नका.

बंदर बदललं की पॅकही बदलतो

सिंगापूरहून निघणारी क्रूझ मलाक्का सामुद्रधुनीतून पेनांग, कधी फुकेतला जाते. म्हणजे चार दिवसांत सिंगापूर, मलेशिया, थायलंड असे तीन देश. पॅकमध्ये तिन्ही आहेत का ते बघा. सिंगापूर तर आपल्या सीमाभागापेक्षा अवघड. समोर काही किलोमीटरवर इंडोनेशियाचं बाताम बेट, मागे मलेशियाचं जोहोर. किनाऱ्यालगत उभ्या फोनला तिन्ही देशांचे टॉवर मिळू शकतात. इथे फोनमधली 'नेटवर्क आपोआप निवडा' ही सोय बंद करून यादीतून आपल्या पॅकमधली कंपनी हाताने निवडावी. पॅकच्या माहितीत कंपनीचं नाव दिलेलं असतं, तेही बघून ठेवायचं. एकाच देशातली एक कंपनी पॅकमध्ये असते आणि दुसरी नसते, असंही होतं.

अलास्काचं उदाहरण याहून मजेशीर. सिॲटलहून सुटणारं जहाज जुनो, केचिकान अशी अमेरिकेचीच बंदरं करतं, पण अमेरिकेच्या जुन्या जहाज कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावं लागतं. म्हणून ते कॅनडातल्या व्हिक्टोरियाला थांबतं, बरेचदा संध्याकाळी उशिरा आणि थोड्याच तासांसाठी. मुलाने घेऊन दिलेला पॅक फक्त अमेरिकेचा असेल तर व्हिक्टोरियात उतरलेला फोन पॅकबाहेर जातो. अमेरिकन सिम वापरणाऱ्यांनीही हे बघावं. भारतातून गेलेल्यांनी तर नक्कीच.

जहाजावर नोकरीला असलेल्यांच्या घरच्यांसाठी

गोव्यात ज्यांना तारवटी म्हणतात, ती मंडळी या बाबतीत प्रवाशांपेक्षा तयार असतात. ते वाय-फायवर राहतात आणि बंदरात उतरून स्थानिक सिम घेतात. चूक होते ती पहिल्यांदा जाणाऱ्या मुलांची आणि त्यांच्या घरच्यांची. खानापूर, बेळगाव, सावंतवाडीकडची बरीच मुलं आता हॉटेल मॅनेजमेंट करून क्रूझवर लागतात. आई साध्या फोनवरून नंबर लावते, लेक तो उचलतो आणि जवळजवळ पहिल्या आठवड्याचा पगार त्यात घालवून बसतो. मुलाचा भारतीय नंबर प्रीपेड करून, कमीत कमी रिचार्जवर बँकेच्या कामापुरता जिवंत ठेवणं हा सगळ्यात बरा मार्ग. आईच्या फोनमध्ये व्हॉट्सॲप नसेल तर आठवड्यातली एक वेळ ठरवून शेजारच्या कोणाच्या फोनवर कॉल घ्यावा.

बिल आलंच तर

आधी तपशीलवार बिल मागवा. नुसती एकूण रक्कम बघून भांडता येत नाही. तारीख, वेळ, नेटवर्कचं नाव आणि वापर किती, हे चार रकाने बघा आणि आपल्या सहलीच्या कार्यक्रमाशी ताडून पाहा. जहाज बंदरात असतानाच्या तासांवर मेरिटाइमचा दर लागला असेल, किंवा रोमिंग सुरूच केलेलं नसताना बिल आलं असेल, तर तुमची बाजू पक्की. निघण्याआधी ॲपमधल्या रोमिंगच्या पानाचा स्क्रीनशॉट काढून ठेवला असेल तर तो इथे कामाला येतो.

कस्टमर केअरला तक्रार करून तक्रारीचा क्रमांक लिहून घ्या. क्रमांक नसेल तर पुढे काहीच होत नाही. तिथे समाधान झालं नाही तर त्याच कंपनीत अपील प्राधिकरण असतं. तिथलं अपील फुकट असतं आणि ते ३९ दिवसांत निकाली काढायचं असतं. ट्राय स्वतः एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे थेट ट्रायला पत्र लिहून वाट बघत बसू नका. ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर मार्गदर्शन मिळतं.

तरीही झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. टेलिकॉम कंपन्या पूर्वी 'आमचा वाद ग्राहक न्यायालयात चालत नाही' म्हणायच्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये तो मुद्दा निकाली काढला, ग्राहक आयोगाकडे जाता येतं. आणि सीमाभागातल्या वाचकांसाठी हे महत्त्वाचं : २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे तक्रारदार स्वतः जिथे राहतो किंवा काम करतो तिथे तक्रार करू शकतो. सिम पुण्याचं, कंपनीचं कार्यालय मुंबईत आणि तुम्ही बेळगावात, तर बेळगावच्या आयोगात चालतं. मोबदला ५ लाख रुपयांपर्यंतचा असेल तर फी नाही. ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइनही दाखल करता येते. कागदपत्रं इंग्रजीत तयार केलेली बरी, म्हणजे राज्य बदललं तरी भाषांतराचं काम उरत नाही.

वाद चालू असताना बिलातला मान्य असलेला भाग, म्हणजे नेहमीचं मासिक भाडं वगैरे, भरून टाका आणि वादाची रक्कम वेगळी दाखवून तसं ईमेलने कळवा. सगळंच बिल थकवलं तर नंबर बंद पडतो, आणि बँक, आधार, गॅस सगळं त्याच नंबरला जोडलेलं असतं.

परत आल्यावर जमिनीवरचं नेटवर्क दिसू लागलं की एअरप्लेन मोड काढा, पोस्टपेडवर आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू केलं असेल तर ते बंद करून घ्या आणि काढलेलं फॉरवर्डिंग परत लावा. हिशेब उशिरा येऊ शकतो, म्हणून त्या महिन्याचं आणि पुढच्या महिन्याचं अशी दोन्ही बिलं उघडून बघा.